आधी किमो, मग रोबो: दादाच्या घशाची हकीकत

“गाठ एवढी हाताला लागतीय, मग कापून टाकायची सोडून सलाइनं कसली लावत बसलाय?” दादाच्या आजारपणात हा प्रश्न मला आत्यानं विचारला, भावकीतल्या काकांनी विचारला, दुकानात गोळ्या न्यायला येणाऱ्या ओळखीच्या माणसांनीही विचारला. विचारणाऱ्या प्रत्येकाच्या मनात काळजीच होती. घशात कॅन्सर आहे म्हटल्यावर तो एक दिवससुद्धा आत राहू नये असंच कुणालाही वाटणार. पण दादाला आधी किमो दिली, गाठ लहान होऊ दिली आणि मग तोंडातून, रोबोच्या मदतीनं ऑपरेशन केलं. हा क्रम का लावला आणि त्या मधल्या आठवड्यांत काय काय सोसावं लागलं, ते नीट लिहून ठेवावं असं कधीचं मनात होतं. माझं कराडात मेडिकल आहे. औषधं रोज हाताखालून जातात म्हणून काही गोष्टी मला लवकर कळल्या. बाकीच्या पुण्याच्या डॉक्टरांना विचारून आणि रात्री वाचत बसून समजून घेतल्या.

दादा मोटर रिवायंडिंग करतो. उसाच्या पट्ट्यातल्या विहिरींवरच्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटरी त्याच्या शेडमध्ये येऊन पडतात. स्टेटरमधली जळकी तार उपसायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, वार्निश मारून सुकवायची. मोटर सुरू केली की नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. वय 56, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारी. तंबाखू सोडाच, सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही.

दाढी करताना उजव्या जबड्याच्या कोनाखाली त्याच्या बोटांना गाठ लागली. दुखत नव्हती. गिळायला त्रास नाही, आवाज बदललेला नाही, ताप नाही. दाढ किडलीय, तिचं अवधाण आलं असेल असं सगळ्यांना वाटलं. अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला, गाठ होती तेवढीच राहिली. दुसरा झाला, तरी तेवढीच. इथं एक गोष्ट ठासून सांगते. चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेतली न दुखणारी गाठ दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, तर तिसरा कोर्स मागू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. आमच्या इथल्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं आणि उजव्या टॉन्सिलवर बोट ठेवलं. टॉन्सिल मोठं आणि कडक झालेलं, वाढ जिभेच्या मुळाकडे सरकलेली. मानेतली गाठ म्हणजे तिथून पुढं गेलेला आजार होता. सुईची तपासणी, बायोप्सी, पेट स्कॅन असं करत आम्ही पुण्यात पोचलो.

पुण्यात प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न ठरलेला: “तंबाखू किती वर्षं खाताय?” दादा नाही म्हणायचा आणि समोरचा माणूस माझ्याकडे किंवा वहिनीकडे बघायचा, खरं सांगा या नजरेनं. माळकरी माणसाला हे फार लागलं. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये पी16, म्हणजे विषाणूमुळं झालेला कॅन्सर ओळखायची खूण, पॉझिटिव्ह आलं तेव्हा उलगडा झाला. त्याचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळं झालेला होता. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो, तोच हा. तो शोध लावणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला 2008 मध्ये नोबेल मिळालं. टॉन्सिल आणि जिभेचं मूळ या जागा त्याच विषाणूच्या, त्यातही 16 नंबरच्या प्रकाराच्या आवडीच्या. अमेरिकेत या भागातले सुमारे 70 टक्के कॅन्सर एचपीव्हीशी जोडलेले आहेत. आपल्याकडे तंबाखूचाच वाटा मोठा, म्हणून तो नजरेचा प्रश्न. पण तंबाखू न खाणाऱ्यांनाही हा आजार होतो, आणि त्यांच्याकडे आरोपीसारखं बघणं थांबायला हवं.

त्या रिपोर्टनं घरात वेगळीच शांतता पसरली. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे वहिनीनं कुठूनतरी वाचलं. ती बोलली नाही, पण दोन दिवस जेवली नाही. मी ते पुण्याच्या डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, “हा विषाणू बहुतेक माणसांच्या शरीरात आयुष्यात कधीतरी येऊन जातो. बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून लावतं. थोड्या जणांत तो राहतो आणि दहा-वीस-तीस वर्षांनी त्याचं असं होतं. कधी आला, कुणाकडून आला हे जगातली कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. त्याचा हिशेब मांडू नका, आता जेवायला बसा.” वहिनी तिथंच रडली. मला आजही वाटतं, दादाच्या उपचारातली ती दहा मिनिटं कुठल्याही औषधाइतकी मोलाची होती.

आता आजार कितपत वाढला होता ते सांगते. टॉन्सिलमधली गाठ 4 सेंटिमीटरच्या वर, मानेत त्याच बाजूला एकाहून जास्त गाठी. फुप्फुसं, यकृत स्वच्छ. जुन्या मोजणीत ही चौथी पायरी, म्हणजे स्टेज, ठरली असती. 2018 पासून लागू झालेल्या नव्या मोजणीत एचपीव्हीवाल्या घशाच्या कॅन्सरला वेगळा तक्ता दिलाय, कारण हे रुग्ण उपचारांना पुष्कळ चांगली साथ देतात. त्यात हाच आजार दुसऱ्या पायरीत बसतो. एका डॉक्टरनं बोलता बोलता जुनी पायरी सांगितली, दुसऱ्यानं नवी, आणि आमच्या घरात दिवसभर गोंधळ उडाला. तुमच्या हातात असा रिपोर्ट आला तर पी16 काय आलंय आणि कुठल्या तक्त्यानं मोजलंय, हे आधी विचारा.

उपचाराचा मळलेला रस्ता म्हणजे रेडिएशन आणि त्याच्या जोडीला सिसप्लॅटिन हे किमोचं औषध: 70 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप), 35 बैठका, सात आठवडे. त्यानं आजार बरा होतो, एचपीव्हीवाल्यांचा तर चांगलाच होतो. पण घसा पुढची कितीतरी वर्षं त्याची किंमत मोजतो. लाळ आटते, गिळण्याचे स्नायू ताठरतात, दात खराब होतात, जबड्याच्या हाडालाही इजा पोचू शकते. दुसरा रस्ता ऑपरेशनचा. टॉन्सिलच्या मागे, जिभेच्या मुळाशी हात पोचायला पूर्वी ओठ चिरून जबड्याचं हाड कापून उघडावं लागायचं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. वाइनस्टाइन आणि डॉ. ओमॅली यांनी तोंडातूनच रोबोचे हात आत घालून ही गाठ काढायची पद्धत बसवली. तिला टॉर्स म्हणतात. डिसेंबर 2009 मध्ये एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी खात्यानं, तिला मान्यता दिली, पण ती 4 सेंटिमीटरपर्यंतच्या, म्हणजे टी1 आणि टी2 गाठींसाठी. दादाची गाठ त्याच्या वर. आहे तशी काढायची म्हटली असती तर जिभेचं मूळ बरंच जाणार, भोक बुजवायला दुसरीकडचं मांस आणावं लागणार, आणि तरी नंतर पूर्ण रेडिएशन.

म्हणून तिसरा पर्याय समोर आला. आधी तीन वेळा किमो द्यायची, गाठ आटते का बघायचं, आटली तर रोबोनं उरलेली काढायची आणि मानेतल्या गाठी त्याच वेळी साफ करायच्या. डॉ. नादेर सादेघी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात आणि पुढे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात एचपीव्हीवाल्या घशाच्या कॅन्सरवर हाच क्रम वापरून पाहिला. डोसिटॅक्सेल आणि सिसप्लॅटिन ही किमोची दोन औषधं, 21 दिवसांच्या अंतरानं तीन वेळा, मग टॉर्स, आणि रेडिएशन फक्त ज्याला गरज पडेल त्याला. त्यांचे निष्कर्ष आशा वाटावी असे आहेत. पण रुग्ण निवडून घेतलेले होते, आणि 70 ग्रेच्या नेहमीच्या उपचाराशी समोरासमोर मोठी तुलना झालेली नाही. आमच्या डॉक्टरांनी हे न लपवता सांगितलं: “पुस्तकातला पहिला पर्याय हा नाही. तुमच्या भावाचं वय, किडन्या, पी16 आणि गाठीची जागा बघून ट्यूमर बोर्डाला, म्हणजे आम्हा सगळ्या डॉक्टरांच्या बैठकीला, हा योग्य वाटतोय. नको असेल तर रेडिएशनचा रस्ता मोकळा आहे.” ज्या डॉक्टरनं हे एवढं स्पष्ट सांगितलं, त्याच्यावर माझा विश्वास बसला.

आधी किमो ही कल्पना नवी नाही. 1991 साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत 332 रुग्णांवर झालेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. स्वरयंत्राचा वाढलेला कॅन्सर असलेल्या अर्ध्या लोकांचं स्वरयंत्र काढून मग रेडिएशन दिलं. उरलेल्यांना आधी किमो दिली. ज्यांची गाठ आटली त्यांना रेडिएशन, ज्यांची नाही आटली त्यांचं ऑपरेशन. दोन वर्षांनी जगलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, आणि किमोवाल्या गटात 64 टक्के लोकांचं स्वरयंत्र शाबूत. आपल्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 2014 मध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या 721 रुग्णांचा अभ्यास छापला. त्यांचा आजार ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला होता. आधी किमो दिल्यावर त्यातले 43 टक्के ऑपरेशन करण्याजोगे झाले. याच्या उलट उदाहरणही आहे. शांघायला 2013 मध्ये, मुळातच ऑपरेशन होऊ शकणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरच्या 256 रुग्णांत आधी किमो दिल्यानं आयुष्य वाढलं नाही. म्हणून “अमक्याला आधी किमो दिली, मग तुम्हालाही द्यायला सांगा” असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तोंडाचा कॅन्सर वेगळा, घशाचा वेगळा, घशातही एचपीव्हीवाला वेगळा.

दादाला हे सगळं समजावताना मी त्याच्याच शेडमधलं बोलले. “मोटर फोडायच्या आधी तू मेगर लावून बघतोस ना, कॉइल किती बिघडलीय ते? किमो तशीच. औषधही आहे आणि तपासणीही. गाठ किमोला कशी वागते त्यावरून पुढचं ठरणार.” तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मेगरनं मोटर दुरुस्त होत नाही गं, हिनं थोडी होणार असंल तर बरंच की.” तिथून पुढं त्यानं उशीर कशाला हा प्रश्न कधी काढला नाही. नातेवाइकांना तोच उत्तर द्यायला लागला.

किमोच्या आधी एक छोटी गोष्ट झाली, जी मला ठाऊकच नव्हती. भूल देऊन सर्जननी गाठीच्या कडेनं बारीक शाईचे ठिपके गोंदले. किमोनं गाठ आटली की तिची मूळ हद्द डोळ्यांना दिसत नाही, मग ऑपरेशनच्या वेळी कुठवर कापायचं हे कसं कळणार? त्यासाठी ही खूण. किडलेली दाढही तेव्हाच काढली. पुढंमागं रेडिएशन द्यावं लागलं तर नंतर दात काढणं हाडाला महागात पडतं.

सिसप्लॅटिन हे प्लॅटिनमपासून बनलेलं औषध. 1965 मध्ये मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणू वाढायचे, पण त्यांचं विभाजन थांबायचं. ते विजेमुळं नसून प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगामुळं होतंय असं निघालं, आणि त्यातून हे औषध आलं. दादाला ही गोष्ट फार आवडली, विजेची होती म्हणून. पण हे औषध किडनीला आणि कानाला जड. प्रत्येक वेळी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते, बघायचं, आधी-नंतर सलाइन चढवायचं, त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम, आणि लघवी किती झाली ते मोजून लिहायचं. सुरुवातीलाच कानाची तपासणी करून घेतली. माझं स्वतःचं एक काम मी ठरवून टाकलं होतं: या काळात घरात डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन फिरकू द्यायचं नाही. अंग दुखतंय म्हणून आपल्याकडे पहिला हात या गोळ्यांकडेच जातो, आणि सिसप्लॅटिन सुरू असताना किडनीवर त्यांचा दुहेरी भार पडतो. शेजारच्या काकूंनी प्रेमानं आणलेला काढाही मी हात जोडून परत केला. त्यात काय काय आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. डोसिटॅक्सेल यकृतात मोडतं, आणि त्या कामात अडथळा आणणारं काही पोटात गेलं तर रक्तातलं औषध वाढून बसतं.

डोसिटॅक्सेलच्या आदल्या दिवसापासून डेक्सामिथासोनच्या गोळ्या, अंगावर सूज आणि ॲलर्जी येऊ नये म्हणून. त्या चुकवायच्या नाहीत. उलटीसाठी औषधं आधीच दिली होती, त्यामुळं पहिल्या दिवशी दादा हसत घरी आला. खरा त्रास तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू झाला. सिसप्लॅटिनची उशिराची मळमळ ही वेगळीच असते. पोटात काही नसतानाही घशाशी येतं, फोडणीचा वास सहन होत नाही. वहिनीनं पंधरवडाभर कांदा-लसणाची फोडणी बंद ठेवली. दादा माळकरी, त्यामुळं अंडं हा सोपा उपाय नव्हता. मुगाचं घट्ट वरण आणि मऊ भात, नाचणीची आंबील, ताक, कुस्करलेलं पनीर, दुधात प्रोटीन पावडर, असं थोडं थोडं दिवसातून सहा-सात वेळा. वजनाची वही वहिनीनंच ठेवली. ऑपरेशनच्या आधी वजन घसरलं तर जखम भरायला वेळ लागतो हे आहारतज्ज्ञांनी सांगितलं होतं, आणि तिनं ते मनावर घेतलं.

प्रत्येक किमोनंतर 24 तास उलटले की पांढऱ्या पेशी वाढवणारं पेगफिलग्रास्टिमचं इंजेक्शन. ते 2 ते 8 अंशांतच राहिलं पाहिजे. दुकानातून घरी नेताना मी स्वतः बर्फाच्या डब्यातून न्यायची. डबा गाडीत उन्हात राहिला की इंजेक्शन वाया गेलं, आणि वरून बघून ते कळतही नाही. त्यानं हाडं ठणकतात, कंबर, मांड्या. त्यावर पॅरासिटामॉल चालतं, पण आधी ताप मोजायचा, कारण गोळीनं ताप झाकला जातो.

आणि ताप आलाच. दुसऱ्या किमोनंतरच्या आठवड्यात रात्री 101. किमो सुरू असताना 100.4 च्या वरचा ताप म्हणजे सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा, हे आमच्या कार्डावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. रात्री पुण्याला पळण्यात अर्थ नव्हता. कराडातल्याच मोठ्या दवाखान्यात ते कार्ड दाखवलं. रक्तात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या खाली. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. वहिनी बाहेर बाकावर हरिपाठ म्हणत बसली होती. त्या रात्री मी पहिल्यांदा मनापासून घाबरले. गाठ आत आहे, ती तर आहेच, आणि आता औषधच माणसाला घेऊन जातं की काय. तीन-चार दिवसांत पेशी वर आल्या. तिसऱ्या वेळी डोस थोडा कमी केला.

पण गाठीनं पहिल्या किमोनंतरच ऐकलं होतं. मानेवरचा फुगवटा, जो माळेच्या मण्यांना बाजूला ढकलत होता, तो तीन आठवड्यांत निम्म्यावर आला. तिसऱ्यानंतर बोटांनी शोधावा लागायचा. एमआरआय झाला, सर्जननी दुर्बिणीतून पाहिलं. टॉन्सिलवर एक खडबडीत पट्टा आणि त्याच्या बाहेर बरंच लांब ते गोंदलेले ठिपके. सर्जन म्हणाले, “आता तोंडातून होईल.”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादानं सर्जनला गाठलं. रोबोच्या हाताचा सांधा किती फिरतो? मोटर सर्व्हो आहे का? लाइट गेली तर? सर्जननी अर्धा तास दिला त्याला. रोबो स्वतः काहीच करत नाही. सर्जन बाजूला कन्सोलवर बसून बोटं हलवतात, आणि तोंडात गेलेली बारीक अवजारं तीच हालचाल छोटी करून, हाताची थरथर गाळून करतात. कॅमेऱ्यातून किती खोल आहे ते कळणारं, मोठं केलेलं चित्र दिसतं. अवजाराचं मनगट आपल्या मनगटापेक्षा जास्त फिरतं, म्हणून जिभेच्या मुळामागच्या कोपऱ्यात पोचता येतं. लाइटीसाठी हॉस्पिटलचा जनरेटर, शिवाय मशिनला स्वतःची बॅटरी. एवढं ऐकल्यावर दादा म्हणाला, “मग करा.” थिएटरमध्ये जाताना माळ काढावी लागली. त्यानं ती वहिनीच्या गळ्यात घातली आणि आत गेला.

मानेतल्या गाठी बाहेरून छेद घेऊनच काढाव्या लागतात, ते काम रोबोचं नाही. त्याच छेदातून घशाकडे रक्त नेणाऱ्या एक-दोन फांद्या बांधून टाकल्या. टॉर्सनंतर पहिल्या दोन आठवड्यांत घशातून रक्तस्राव होण्याचा धोका असतो आणि तो झाला तर जिवावर बेततो. म्हणून आम्ही दोन आठवडे पुण्यातच, सिंहगड रोडला मावसबहिणीकडे राहिलो. थुंकीत थोडंसुद्धा लाल दिसलं तरी फोन करायचा असं बजावलेलं होतं. ओठ चिरला नाही, जबडा कापला नाही, श्वासासाठी गळ्याला छिद्र करावं लागलं नाही. पण घसा भयंकर दुखला. लोकांना रोबो म्हटलं की बिनदुखाचं वाटतं, तसं नाही. नाकातल्या नळीतून दूध-पेज जात होती. गिळायचं शिकवणाऱ्या थेरपिस्ट रोज यायच्या. हनुवटी छातीला लाव, घोट घट्ट गिळ, खोक, पुन्हा गिळ. पहिला चमचाभर पाण्याचा घोट नीट खाली गेला तेव्हा दादाच्या डोळ्यांत पाणी होतं, दुखण्याचं आणि आनंदाचं, दोन्ही.

रिपोर्ट आला. टॉन्सिलच्या जागी जिवंत कॅन्सरपेशी नाहीत, कडा स्वच्छ. मानेतल्या एका गाठीत थोड्या पेशी शिल्लक, पण गाठीचं कवच फोडून बाहेर गेलेल्या नाहीत. आम्हाला वाटलं, रेडिएशन टळलं. ट्यूमर बोर्डात मात्र दोन मतं पडली. रेडिएशनच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की आजार मुळात मोठा होता, आणि किमोनंतर एका गाठीत जिवंत पेशी उरणं हलक्यानं घेता येणार नाही. शेवटी 50 ग्रे, 25 बैठका, किमोशिवाय, असं ठरलं. अमेरिकेतल्या ई3311 नावाच्या चाचणीत टॉर्स झालेल्या मध्यम धोक्याच्या एचपीव्ही रुग्णांना 60 ऐवजी 50 ग्रे देऊनही निकाल चांगले आले होते. ते रुग्ण आधी किमो घेतलेले नव्हते, म्हणून तो आधार पूर्ण लागू होत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. दादा त्या दिवशी नाराज झाला. मी झाले नाही. 70 आणि 50 यांतला फरक घशाला कळतो, आणि त्याला आता तो कळतोय. लाळ कमी आहे पण आहे. भाकरी कालवणात कुस्करून खातो, ठेचा अजून सोसत नाही.

जे गेलं तेही लिहायला हवं. बोटांच्या टोकांना बधिरपणा आहे. बारीक गेजची तार भरताना वेढा हाताला लागत नाही म्हणतो. वरच्या पट्टीतला आवाज कानाला कमी येतो आणि शांत खोलीत शिट्टी वाजत राहते. ज्या माणसाचं कामच बेअरिंगच्या आवाजावर चालायचं त्याला हे सोपं नाही. आता मोठ्या मोटरी तो भरतो, बारीक काम पुतण्या करतो, आणि आवाज दोघं मिळून ऐकतात. मानेच्या ऑपरेशननं उजवा खांदा जड झालाय, त्याचा व्यायाम रोज. दर दोन-तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी, आणि मानेला रेडिएशन झालंय म्हणून थायरॉइडची रक्ततपासणी अधूनमधून.

पुतण्या 19 वर्षांचा आहे. एचपीव्हीची लस मुलींनाच असते असं आमच्याकडे सगळ्यांना वाटतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या एचपीव्ही लसीला 2022 मध्ये मुलगे आणि मुली दोघांसाठी, 9 ते 26 वयापर्यंत मान्यता मिळाली आहे. 16 नंबरचा प्रकार तिच्यात येतो. चौदाव्या वर्षापर्यंत दोन डोस, त्यापुढं तीन. पुतण्याचे दोन झालेत, तिसरा बाकी आहे. दुकानात मुलीसाठी लस विचारायला येणाऱ्या आयांना मी हल्ली न चुकता विचारते, “मुलगा किती वर्षांचा आहे?”